कोळंबी, अंगावर गांधी आणि लुळा पडलेला हात : स्ट्रोक होऊन गेलेल्या माणसाला अ‍ॅलर्जी आली तर काय करायचं?

माहीमची_मनू | शुक्रवार, रात्री ११:५२

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र असते, पण पाच रात्री झोप नाही म्हणून लिहितेय.

बाबा ७२ वर्षांचे. दोन वर्षांपूर्वी त्यांना स्ट्रोक झाला, उजवी बाजू गेली होती. व्यायाम करून सावरले, आता काठीशिवाय शिवाजी पार्कला फेरी मारतात. मानेतली डावी धमनी मात्र अर्ध्याहून जास्त चिंचोळी झालीय, असं तेव्हाच सांगितलं होतं. रोजच्या गोळ्या : अ‍ॅस्पिरिन, कोलेस्टेरॉलची एक, बीपीच्या दोन.

गेल्या रविवारी गिरगावात आत्याकडे जेवायला गेलो. कोळंबीची खिचडी होती. जेवून पंधरा-वीस मिनिटं झाली नसतील, बाबांच्या तळहातांना खाज सुटली, मग पोटावर-पाठीवर लालभडक गांधी उठल्या. आत्याने आमसुलं भिजत घातली, गेरूची डबी शोधायला कपाट उघडलं. तेवढ्यात ओठ सुजले आणि बाबा म्हणाले, "गरगरतंय गं."

चाळीत तिसरा मजला, लिफ्ट नाही. मी आणि आतेभावाने दोन्ही बाजूंनी धरून त्यांना जिन्याने चालवत खाली आणलं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्यांच्या उजव्या हातातला रुमाल गळून पडला. मी उचलून परत हातात दिला तर बोटं मिटेनात. जीभही जड झाली होती.

खाली एक दवाखाना उघडा मिळाला. बीपी १००/६०. डॉक्टर म्हणाले, "बीपी तर छान आहे." अ‍ॅव्हिल आणि स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं. मी अ‍ॅड्रेनालिनचं विचारलं तर म्हणाले, "स्ट्रोक झालेल्या माणसाला ते कसं देणार? बीपी चढून मेंदूत रक्तस्राव होईल." तिथल्या बाकावर आडवं केल्यावर वीसेक मिनिटांत हात हलू लागला, बोलणं सुधारलं. आम्ही टॅक्सी करून घरी आलो.

आता मला छळणारे प्रश्न. हात गेला तो अ‍ॅलर्जीमुळे का? ते इंजेक्शन न देणं बरोबर होतं का? आणि पुन्हा असं झालं तर मी काय करू?

---

केदार_कुर्ला | शनिवार, पहाटे १२:१०

मनू, बाकीचं नंतर. हात लुळा पडून वीस मिनिटांत परत आला याला टीआयए म्हणतात. पुढच्या काही दिवसांत मोठा झटका येण्याची भीती त्यानंतरच सगळ्यात जास्त असते. पाच दिवस गेलेत. सकाळ उजाडली की न्यूरोवाल्यांकडे जा, ओपीडीचा नंबर लागेल म्हणून थांबू नका.

---

माहीमची_मनू | शनिवार, पहाटे १२:१४

सकाळी निघतोय. थँक्यू दादा.

---

सरळ_बोलतो | शनिवार, सकाळी ७:३०

मला हे पटलेलं नाही. चाळिशीपासून माझ्या अंगावर पित्त उठतं, वर्षातून चार-पाच वेळा. बायकोला धुळीच्या शिंका. आमच्या इमारतीत प्रत्येक घरात एक तरी अ‍ॅलर्जीवाला आहे, म्हणून काय सगळ्यांना अर्धांगवायू होणार? स्ट्रोक झालेल्यांची घरं आधीच धास्तावलेली असतात. त्यात ही नवी भीती नको. हात लुळा पडला तो मानेतल्या धमनीमुळे, कोळंबीमुळे नव्हे.

---

भूल_परळ | शनिवार, सकाळी ९:०५

मी भूलतज्ज्ञ आहे, २१ वर्षं ऑपरेशन थिएटरात. टेबलावरच्या माणसाला अँटिबायोटिकची किंवा स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाची तीव्र अ‍ॅलर्जी येते तेव्हा ती आम्ही समोरच्या पडद्यावर आकड्यांत बघतो. म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

सरळ_बोलतो, तुमचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. नुसत्या शिंका, नुसतं पित्त, एखादा चट्टा यांनी स्ट्रोक होत नाही. लोकांनी घाबरून मसालेभात सोडू नये. पण मनूच्या बाबांना झालं ते नुसतं पित्त नव्हतं. त्वचा, ओठ आणि रक्ताभिसरण, तिन्ही एका वेळी बिघडली. याला अ‍ॅनाफिलॅक्सिस म्हणतात. हिस्टामिन आणि त्याचे साथीदार रक्तात सुटतात, रक्तवाहिन्या सैलावतात आणि त्यांच्या भिंतींतून पाणी बाहेर झिरपतं. तीव्र प्रकारात दहा मिनिटांत रक्तवाहिन्यांतला एक तृतीयांश द्रव बाहेर जाऊ शकतो. टाकीत पाणीच उरलं नाही तर वरच्या मजल्यावरच्या नळाला धार कशी येणार? आणि मेंदू सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो.

ज्याच्या धमन्या मोकळ्या आहेत, त्याचा मेंदू एवढं सहन करतो. डावी धमनी चिंचोळी असेल तर दाब उतरताच तिच्या पलीकडचा भाग आधी कोरडा पडतो. डावा मेंदू म्हणजे उजवा हात आणि बोलणं. दोन वर्षांपूर्वी तीच बाजू गेली होती. तेव्हा धमनीमुळे की कोळंबीमुळे, असा हा प्रश्नच नाही. धमनी आधीपासून होती, कोळंबीने दाब उतरवला. असं वारंवार घडत नाही, पण घडतं. हृदयाच्या बाबतीत तर याला नावही आहे : अ‍ॅलर्जीच्या झटक्यात हृदयाच्या धमन्या आकसून अटॅक येतो, त्याला कूनिस सिंड्रोम म्हणतात. ग्रीसच्या डॉ. कूनिस यांनी १९९१ साली त्याचं वर्णन केलं.

मनू, एक सांग. बाबांचं नेहमीचं बीपी किती असतं?

---

माहीमची_मनू | शनिवार, सकाळी ९:४०

(न्यूरोच्या इमर्जन्सीत बसलेय, एमआरआय सांगितलाय.) घरी मोजते तेव्हा १५० ते १५५ वरचं. गोळ्या घेऊनही तेवढंच राहतं.

---

भूल_परळ | शनिवार, सकाळी ९:५८

हेच ऐकायचं होतं. अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये बीपी 'उतरलं' म्हणायचे निकष दोन : वरचा आकडा ९० च्या खाली, किंवा त्या माणसाच्या नेहमीच्या आकड्यापेक्षा ३० टक्क्यांहून जास्त घसरण. १५० वरून १०० म्हणजे एक तृतीयांश घसरण. तुला-मला १०० चालेल. ज्याचा मेंदू वर्षानुवर्षं १५० ला सरावलाय, त्याच्यासाठी ते शॉकचं बीपी आहे. "छान आहे" हे त्या आकड्याबद्दल खरं होतं, त्या माणसाबद्दल नव्हतं.

म्हणून ज्यांच्या घरी असा पेशंट आहे त्या सगळ्यांना सांगते, नेहमीचं बीपी कागदावर लिहून खिशात ठेवा. नव्या डॉक्टरला ते कळायला दुसरा मार्ग नाही.

आता इंजेक्शन. अ‍ॅनाफिलॅक्सिसला पहिलं औषध अ‍ॅड्रेनालिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम, गरज वाटली तर पाच मिनिटांनी पुन्हा. वय जास्त आहे, हृदयविकार आहे, स्ट्रोक झालाय, यातलं एकही कारण ते रोखायला पुरेसं नाही. जागतिक मार्गदर्शक सूचनाही तेच सांगतात. रक्तस्रावाची भीती आली कुठून, तर मोठा डोस थेट शिरेत देण्यातून. तिथे खरोखर बीपी भडकू शकतं. स्नायूतला डोस त्या मानाने सौम्य. दाब उतरल्यामुळे ज्याचा हात जातोय, त्याला दाब परत देणारं औषध 'बीपी वाढेल' म्हणून नाकारणं हे तहानेल्याला पूर येईल म्हणून पाणी न देण्यासारखं आहे.

अ‍ॅव्हिलने खाज जाते. उतरलेला दाब त्याने चढत नाही, घसा सुजला तर तोही मोकळा होत नाही. स्टेरॉइडचा परिणाम दिसायला तास लागतात.

आणि जिना. रागावून लिहीत नाहीये, कोणीही तेच केलं असतं. पण बीपी उतरलेल्या माणसाला उभं करून चालवणं ही त्या दुपारची सगळ्यात धोक्याची गोष्ट होती. बाकावर आडवं केल्यावर हात आला, यातच उत्तर आहे. झोपवायचं, पाय उशीवर उचलायचे आणि मदत वर बोलवायची. धाप लागली असेल तर पाय सरळ ठेवून टेकून बसवायचं, उलटी होत असेल तर कुशीवर वळवायचं. उभं मात्र करायचं नाही.

---

सुलभाआजी | शनिवार, सकाळी ११:२०

मनू बाळा, काळजी करू नकोस, बाबा बरे होतील. आमच्या लहानपणी रत्नागिरीला पित्त उठलं की अंगाला गेरू फासायचे, घोंगडीत गुंडाळून बसवायचे आणि आमसुलाचं पाणी पाजायचे. त्याने बरं वाटायचं, हे मी अनुभवाने सांगते. पण आमच्या शेजारच्या काकूंना मधमाश्या चावल्या तेव्हाही हेच केलं. त्या घोंगडीतच गार पडल्या. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. त्या कशाने गेल्या ते आज या डॉक्टरबाईंचं वाचून कळलं.

---

सिस्टर_निवृत्त | शनिवार, दुपारी १२:४५

सुलभाआजींना नमस्कार. मी न्यूरो वॉर्डात ३० वर्षं काढली. आमसुलाच्या पाण्यावरून एक गोष्ट सांगावीशी वाटते.

बोलणं जड झालेल्या माणसाला तोंडाने काहीही देऊ नका. पाणी नको, सार नको, साखर नको, गोळीसुद्धा नको. बोलण्याचे आणि गिळण्याचे स्नायू जवळजवळ तेच. जीभ जड पडली की गिळणंही बिघडतं, पाणी श्वासनलिकेत उतरतं आणि पुढे न्यूमोनिया होतो. स्ट्रोकमधून वाचलेली आणि न्यूमोनियाने गेलेली माणसं मी पाहिलीत. प्रेमाने पाजलेल्या दोन चमच्यांनी.

स्ट्रोकच्या संशयात घरची अ‍ॅस्पिरिन जास्तीची देऊ नका. सीटी झाल्याशिवाय आत गुठळी आहे की रक्तस्राव, ते कोणालाही कळत नाही. हार्ट अटॅकचा नियम इथे लावू नका.

आणि वेळ बघून ठेवा. माणूस शेवटचा ठणठणीत कधी दिसला होता, ते घड्याळातलं लिहा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं. दारातच विचारतात, "केव्हापासून?" आणि नातेवाईक एकमेकांची तोंडं बघतात.

---

डोंबिवली_फास्ट | शनिवार, दुपारी ३:१५

धागा वाचून अंगावर काटा आला. आमची गोष्ट याच्या उलटी आहे.

आई ६८. मार्चमध्ये पहाटे चारला उठवून म्हणाली, "जी... ब जल जाली." शब्द असे. आम्हाला वाटलं, संपलं, झटका आला. आजीला असंच वारं गेलं होतं. धावत रुग्णालय गाठलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी हात वर करायला लावले, हसायला लावलं, सगळं सरळ. मग टॉर्च लावून तोंडात पाहिलं. जीभ एका बाजूने टम्म सुजली होती. खाज नाही, गांधी नाहीत.

आई सहा वर्षांपासून बीपीसाठी रामिप्रिल घेत होती. त्या म्हणाल्या, या गटातल्या गोळ्यांनी अशी सूज येते, आणि ती पहिल्या आठवड्यातच येते असं नाही, वर्षांनीही येते. आम्हाला मग आठवलं, दिवाळीच्या सुमारास दोनदा तिचा ओठ सुजला होता. चकलीच्या तेलावर ढकलून आम्ही सेट्रिझिन दिली होती. आपोआप उतरली, आम्हाला वाटलं गोळीने उतरली.

गोळी बदलून दिली. त्यानंतर एकदाही नाही.

---

सिस्टर_निवृत्त | शनिवार, दुपारी ३:५०

डोंबिवली_फास्ट, तुमच्या डॉक्टरीणबाईंना माझा सलाम. रामिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, ही 'प्रिल' मंडळी. हिस्टामिनचा इथे संबंध नसतो, ब्रॅडिकायनिन नावाचा पदार्थ साचतो. म्हणून अ‍ॅलर्जीची गोळी, स्टेरॉइड यांचा फारसा उपयोग होत नाही. सूज घशाकडे सरकतेय का, यावर नजर ठेवावी लागते.

स्ट्रोकवाल्यांसाठी याची पुढची कडी. गुठळी विरघळवणारं जे इंजेक्शन मी वर म्हटलं, त्यानेही शंभरातल्या एक ते पाच जणांना अशीच सूज येते आणि 'प्रिल' घेणाऱ्यांना जास्त. गंमत म्हणजे बहुधा जी बाजू लुळी, त्याच बाजूची जीभ-ओठ सुजतात. म्हणून ते औषध चालू असताना आम्ही दर थोड्या वेळाने "काका, जीभ दाखवा" म्हणायचो. नातेवाइकांना वाटायचं सिस्टर खेळवतायत.

---

काउंटरमागून | शनिवार, संध्याकाळी ६:१०

औषधाच्या दुकानात १४ वर्षं उभा आहे, ठाण्याला. स्ट्रोकच्या पेशंटसाठी अ‍ॅलर्जीचा रोजचा धोका माझ्या मते झटक्यात नाही, माझ्या काउंटरवर आहे. लोक येतात, "नाक गळतंय, शिंका आहेत, काहीतरी द्या." सर्दीच्या बहुतेक मिश्र गोळ्यांत नाक मोकळं करणारं औषध असतं, फेनिलेफ्रिन नाहीतर स्यूडोएफेड्रिन. रक्तवाहिन्या आवळून ते काम करतं. नाकातल्या आवळतं तशा इतरही. बीपी चढतं. याच कुटुंबातल्या फेनिलप्रोपॅनोलामिनचा मेंदूतल्या रक्तस्रावाशी संबंध दिसला म्हणून २००० साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने कंपन्यांना ते बाजारातून काढायला सांगितलं.

दुसरं, जुन्या पिढीतल्या अ‍ॅलर्जीच्या गोळ्या. क्लोरफेनिरामिन, फेनिरामिन. वयस्कर माणसाला झोप आणतात, गोंधळ उडवतात, लघवी अडवतात. आमच्या गल्लीतल्या एका आजोबांना सकाळी उठवता येईना, बरळत होते. सीटी काढून झाला, पैसे गेले. रात्री दोन गोळ्या घेतल्या होत्या त्यांनी. सेट्रिझिनही थोडी झोप आणते. फेक्सोफेनाडिनने ती सगळ्यात कमी येते.

काउंटरवर फक्त एवढं बोला : "यांना स्ट्रोक झालाय, बीपीची गोळी चालू आहे." सांगितलंत तर मी वेगळा पत्ता उघडतो. गिऱ्हाईक सांगतच नाही, आणि संध्याकाळच्या गर्दीत विचारायचं माझ्याकडूनही राहतं. या धाग्यानंतर विचारणार.

---

वेसाव्याचा_पोर | शनिवार, रात्री ८:३५

कोळ्याचा पोरगा आहे म्हणून मासळीवर बोलायचा हक्क सांगतो 🙂

मनूताई, बाबांना कोळंबीची अ‍ॅलर्जी असेलही. पण दुसरी एक गोष्ट अगदी तशीच दिसते. बांगडा, कुपा, सुरमई, लाल मांसाची मासळी बर्फाविना राहिली की जिवाणू तिच्यात हिस्टामिन तयार करतात. म्हणजे अ‍ॅलर्जीत शरीर जे सोडतं तेच माशात तयार बसलेलं असतं. खाल्लं की तोंड लालबुंद, डोकं ठणकतं, छाती धडधडते, कधी बीपी पडतं. शिजवून, तळून ते जात नाही. आमचे म्हातारे म्हणायचे, बांगडा जिभेला चुरचुरला तर ताट बाजूला सार.

फरक असा, की ती अ‍ॅलर्जी नाही. त्या बांगड्याने पानावरच्या बऱ्याच जणांना होतं, एकालाच नाही. आणि पुढच्या वेळी ताजा बांगडा खाल्ला तर काही होत नाही. पण स्ट्रोकवाल्या माणसाचं बीपी दोन्हीकडून पडतं. म्हणून बाजारात बर्फ बघा. जून-जुलैच्या बंदीत येणारी मासळी लांबून येते, तेव्हा तर नक्कीच.

---

खवय्या_मालाड | शनिवार, रात्री ८:५०

आणि डोळे बघा, कल्ले लाल आहेत का बघा. सिटीलाइटच्या बाजारात माझी आजी कोळणीशी दहा मिनिटं बोलायची, नऊ मिनिटं कल्ल्यांवर. दहाव्या मिनिटाला दर.

---

वेसाव्याचा_पोर | शनिवार, रात्री ८:५६

आजीला माझा दंडवत. अशा गिऱ्हाइकामुळेच आमची आय सकाळी बर्फ मोजून घ्यायची.

---

बोरिवली_वेस्ट | शनिवार, रात्री ९:४०

कोळंबीवरून एक शंका. माझ्या सासऱ्यांना मानेच्या धमन्यांची सीटी अँजिओग्राफी सांगितलीय. त्यांना चिंबोरी चालत नाही, गांधी उठतात. शेजारी म्हणतात की त्यासाठी शिरेत सोडतात त्या रंगद्रव्यात आयोडिन असतं, माशातही आयोडिन असतं, म्हणून करू नका. तारीख दोनदा पुढे ढकलली.

---

भूल_परळ | शनिवार, रात्री १०:१५

कृपया तिसऱ्यांदा ढकलू नका. ही समजूत इतकी पसरलीय की काही डॉक्टरही ती उगाळतात. कोळंबी-चिंबोरीची अ‍ॅलर्जी त्यांच्या मांसातल्या ट्रोपोमायोसिन नावाच्या प्रथिनाची असते. आयोडिनचा त्यात हात नाही. रंगद्रव्याची रिअ‍ॅक्शन ही वेगळी गोष्ट आहे. पूर्वी रंगद्रव्यानेच त्रास झाला असेल तर ते आधी सांगायचं, त्याची तयारी करता येते. चिंबोरीचंही सांगा, लपवू नका, पण तेवढ्यावरून तपासणी थांबत नाही.

हेच ट्रोपोमायोसिन झुरळांत आणि धुळीतल्या सूक्ष्म किड्यांतही असतं, म्हणून काहींना कोळंबी आणि धूळ दोन्ही सोसत नाहीत. माशांचं प्रथिन वेगळं. कोळंबी बंद म्हणजे पापलेट बंद असं नाही, पण ते चाचणी करून ठरवायचं. जवळा मात्र कोळंबीच्याच घरातला.

---

अस्मिता_वाशी | रविवार, सकाळी १०:०५

अ‍ॅस्पिरिनबद्दल कोणी बोललं नाही. माझ्या काकांना दमा, नाकात मांसल गाठी. स्ट्रोकनंतर अ‍ॅस्पिरिन सुरू केली आणि तासाभरात दम्याचा जोरदार झटका. त्यांनी घाबरून ती गोळी मनानेच बंद केली, कोणाला सांगितलंही नाही. अडीच महिन्यांनी दुसरा स्ट्रोक. आता बोलत नाहीत.

दमा, नाकातल्या गाठी आणि अ‍ॅस्पिरिन न सोसणं हे त्रिकूट डॉक्टरांना चांगलं ठाऊक आहे. क्लोपिडोग्रेलसारखा पर्याय आहे, अगदी नाइलाज असेल तर रुग्णालयात थोडी थोडी देऊन अंगवळणी पाडतात. हे सगळं नंतर कळलं. गोळी सोसत नसेल तर त्याच दिवशी फोन करा. गोळी सोडून गप्प बसू नका. मी हे प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात सांगते. लोकांना कंटाळा येतो, तरी सांगते.

---

सरळ_बोलतो | रविवार, सकाळी ११:३०

अस्मिताताई, वाचून वाईट वाटलं. काल मी जे लिहिलं त्यात दुरुस्ती करतो. माझं पित्त आणि मनूच्या बाबांचं प्रकरण एकाच दोरीत बांधायला नको होतं. एक विचारतो, भूल_परळ : अ‍ॅड्रेनालिन घरी ठेवायचं का? परदेशात पेन असतं म्हणे.

---

भूल_परळ | रविवार, दुपारी १:००

ते स्वयंचलित पेन आपल्याकडे सहज मिळत नाही आणि महाग पडतं. अमेरिकेत २०२४ मध्ये नाकात मारायच्या फवाऱ्यालाही परवानगी मिळाली. इथे साधी काचेची कुपी आहे, स्वस्त आहे, पण ती फोडून, सिरिंजमध्ये अर्धा मिलिलीटर मोजून, थरथरत्या हाताने मांडीत द्यायची. काही घरांना डॉक्टर ते शिकवतात आणि लिहूनही देतात. न शिकता कुपी आणून ठेवू नका. लक्षणं उतरली तरी काही तासांनी दुसरी लाट येऊ शकते, म्हणून इंजेक्शन दिलं तरी रुग्णालयात जायचंच.

मनू, बीपीच्या दोन गोळ्यांची नावं कळतील का?

---

माहीमची_मनू | रविवार, दुपारी १:२२

टेल्मिसार्टन आणि मेटोप्रोलॉल.

---

भूल_परळ | रविवार, दुपारी १:४०

मेटोप्रोलॉल हा बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयावरचा अ‍ॅड्रेनालिनचा परिणाम अडवणारी गोळी. त्यावर असलेल्या माणसात अ‍ॅनाफिलॅक्सिस चिवट होऊ शकतो आणि अ‍ॅड्रेनालिनला प्रतिसाद कमी मिळतो. अशा वेळी ग्लुकागॉन वापरतात, पण ते सुचायला समोरच्याला गोळीचं नाव माहीत हवं. न्यूरो आणि फिजिशियन दोघांसमोर हा विषय काढ. स्वतःहून एक दिवसही बंद करू नका, ती एकदम तोडली तर हृदयावर उलटते.

---

केदार_कुर्ला | रविवार, दुपारी २:०५

वाचनखूण साठवली. मनू, एमआरआयचं काय झालं ते सांग गं, जीव टांगणीला लागलाय इथे सगळ्यांचा.

---

माहीमची_मनू | रविवार, रात्री १०:३०

नवीन डाग नाही! टीआयएच म्हणाले. तीन दिवस ठेवून घेतलंय. बाकी घरी आल्यावर लिहिते.

---

माहीमची_मनू | बुधवार, रात्री ९:४५ (तीन आठवड्यांनी)

मंडळी, उशीर झाला, माफ करा.

मानेची अँजिओग्राफी झाली, धमनीवर काय करायचं ते पुढच्या आठवड्यात ठरेल. मेटोप्रोलॉल फक्त बीपीसाठीच होती, म्हणून दहा दिवसांत हळूहळू कमी करत थांबवली आणि दुसरी दिली. ते झाल्यावर अ‍ॅलर्जीची त्वचेवरची चाचणी केली, अ‍ॅलर्जीच्या गोळ्या आधी काही दिवस बंद ठेवून. कोळंबी आणि चिंबोरीला मोठे फोड आले. पापलेट, बांगडा, बोंबील काही नाही. डॉक्टरांनी खोदून विचारल्यावर बाबा म्हणाले की वर्षभर कोळंबी खाल्ली की टाळूला खाज यायची, पण सांगितलं तर आई कोळंबी करायची बंद करेल म्हणून बोलले नाहीत. ४७ वर्षांचा संसार, आणि हे गुपित!

अ‍ॅड्रेनालिनचं मी तिथे पुन्हा विचारलं. दोन्ही डॉक्टरांनी तेच सांगितलं जे इथे वाचलं होतं : द्यायला हवं होतं, पुढे वेळ आली तर द्यायचं. लेटरहेडवर लिहून दिलंय, म्हणजे कोणी नाही म्हणालं तर दाखवता येईल. कुपी आणि सिरिंज आहे. मला आणि आतेभावाला खारट पाण्याने सराव करवून घेतला.

खिशातली चिठ्ठी अशी केलीय, कोणाला उपयोगी पडली तर घ्या :

"मला स्ट्रोक होऊन गेला आहे. मानेतली डावी धमनी अरुंद आहे. माझं नेहमीचं बीपी १५०. कोळंबी, चिंबोरीची तीव्र अ‍ॅलर्जी. चक्कर आली तर मला उभं करू नका, झोपवा. अ‍ॅड्रेनालिन द्यायला हरकत नाही, डॉक्टरांचं पत्र सोबत. बोलणं जड वाटलं तर तोंडाने काही देऊ नका." मागे औषधांची नावं आणि माझा नंबर.

---

वेसाव्याचा_पोर | बुधवार, रात्री १०:०२

बोंबील चालतात हे वाचून आनंद झाला ताई. फक्त हॉटेलात खाऊ नका, कोळंबीच्याच तेलात तळतात. घरी करा. वेसाव्याला आलात तर आयकडून घेऊन जा.

---

सुलभाआजी | गुरुवार, सकाळी ६:५०

देव पावला. आत्याबाईंनाही सांगितलंस ना हे सगळं?

---

माहीमची_मनू | गुरुवार, सकाळी ८:१५

हो आजी. आत्या फार रडली, खिचडी मीच घातली म्हणून. काल तिच्याकडे गेले होते. चिठ्ठीची एक प्रत तिने मोठ्या अक्षरात लिहून घेतलीय, वर १०८ आणि "जिन्याने उतरवायचं नाही, गाडीवाल्यांना वर बोलवायचं". मला वाटलं दारामागे लावेल. तिने कपाटात आतल्या बाजूला, गेरूच्या डबीच्या बरोबर वर चिकटवलीय. म्हणाली, घाईत माझा हात आधी तिथेच जाणार.